न्हाणीहून एक बोट मोठा टब

मित्राला अंघोळीला नेण्याची वेळ झाली, की शेजारचे वामनराव आपल्या घराची खिडकी लावून घेत. गुपचूप लावली असती तर दीपाचं काही म्हणणं नव्हतं. पण ते आधी खिडकीत येऊन उभे राहत, दीपाच्या न्हाणीच्या झरोक्याकडे एकवार दुःखाने पाहत आणि मग दंगलीच्या दिवशी दुकानदार शटर ओढतो तशी खिडकी ओढून घेत. त्यानंतर मित्रा सुरू होई.

मित्रा म्हणजे संघमित्रा. वय अडीच वर्षं. वजन डॉक्टरांच्या तक्त्यातल्या रेषेच्या जरा खालीच, पण वजनाची काळजी दीपा दुपारी करत असे. सकाळची वेळ अंघोळीच्या काळजीची. तसं पोरीचं पाण्याशी काही वाकडं नव्हतं. प्यायला पाणी चाले, सांडायला तर फारच चाले. फक्त ते डोक्यावरून येता कामा नये. पहिला मग डोक्यावर पडला, की ती असा सूर लावी, की दिग्रसच्या बसस्थानकावर पुसदच्या गाडीची वाट बघणारी माणसं ‘लागली वाटते गाडी’ म्हणून पिशव्या उचलत असतील, असं तिच्या बापाचं, अश्वजितचं म्हणणं. अश्वजित बाजार समितीत क्लार्क होता. दिवसभर कापसाच्या गाड्यांचा गोंगाट ऐकून त्याचे कान तयार झाले होते. दीपाचे झाले नव्हते.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात हे प्रकरण नुसत्या आवाजावर थांबेना. पोरीच्या पाठीवर घामोळ्या उठल्या, घामोळ्यांचे फोड झाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं, “रोज दोनदा अंघोळ. मनसोक्त, भरपूर पाण्यानं. नाहीतर हे पिकतील, मग सुया टोचाव्या लागतील.”

दोनदा! एकदा अंघोळ घालून झाली, की दीपाला स्वतःला अर्धा तास पडून राहावं लागे. पण सुईचं नाव काढल्यावर दुसरा रस्ता नव्हता. मित्राने शांतपणे, राजीखुशीने पाण्यात बसावं, एवढीच एक इच्छा तिच्या आयुष्यात उरली. लग्नाआधी तिला पीएच.डी. करायची होती.

“पाण्यानं कोणी मेलं हाय का?” सासूबाई, म्हणजे जयाबाई, म्हणाल्या. “अश्वजितले मी दोन पायावर आडवा घेऊन घसाघसा चोळलं. हूं का चूं नाही केलं पोरानं.”

“केलं असन. तुले आठवत नसन,” अश्वजित म्हणाला.

“तू चूप राह्य. तुले काय आठवते? तू तं पालथा होता.”

इथे दीपाने फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरंगोमटं बाळ पांढऱ्या टबात बसलं होतं, अंगभर फेस होता, आणि ते हसत होतं. दीपाने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. आवाज बंद करून पाहिला, कारण पार्श्वसंगीतामागे रडणं लपवलं असेल अशी तिला शंका होती. नव्हतं. त्या दिवशी तिने जाहीर केलं, की न्हाणीत टब बसवायचा.

“टब?” अश्वजित म्हणाला. “टब कायले? शॉवर बसवू. मी ट्रेनिंगले गेलतो ना नागपूरले, तिथल्या हॉटेलात शॉवर होता. खाली उभं राह्यलं की माणूस बाहेरच निघत नाही. पोरीले वाटन, खेळ हाय.”

आता हा खरं तर नवराबायकोमधला प्रश्न. पण अश्वजितने तो ऑफिसात नेला, आणि बाजार समितीत टबवाले आणि शॉवरवाले असे दोन तट पडले. सोयाबीनची आवक बंद असल्याने माणसांना वेळही होता. टबवाल्यांचं म्हणणं, टब म्हणजे इज्जत. शॉवरवाल्यांचं म्हणणं, टबात माणूस आपल्याच मळात बसतो. हे दुसरं वाक्य अश्वजितने घरी आणलं आणि जेवताना सांगितलं. दीपाचं जेवण तिथेच संपलं.

मग वामनराव आले. वामनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर धरणं हाताशी उरली नव्हती, म्हणून ते गल्लीतल्या मोऱ्या, सांडपाणी आणि कूलरच्या टाक्या बघत. हातात टेप घेऊनच आले. न्हाणीत जाऊन उभे राहिले. न्हाणी एवढी लहान, की ते आत गेल्यावर बाकीच्यांना दारातून फक्त त्यांचे खांदे दिसत होते.

“सूनबाई,” आतून आवाज आला, “टब म्हणजे धरण. शॉवर म्हणजे ठिबक. आपल्या तालुक्यात धरणाले पाणी कुठून आणणार तुम्ही? अन् ठिबकले सबसिडी हाय.”

“न्हाणीतल्या ठिबकला पण आहे का, काका?”

“नाही. मी तत्त्व सांगून राह्यलो.”

पंधरवडाभर घरात टब आणि शॉवर याखेरीज विषय निघाला नाही. शेवटी अश्वजित कंटाळून म्हणाला, “हे पाह्य, आपण मध्यम मार्गवाले लोक. दोन्ही बसवू. खाली टब, वर शॉवर. भांडणच मिटते.”

विहारातल्या प्रवचनात ज्या मध्यम मार्गाबद्दल सांगतात, त्याचा अर्थ दोन्ही टोकं एकाच न्हाणीत बसवणं असा नसावा, असं दीपाच्या मनात आलं. पण पोरीच्या पाठीवर त्या दिवशी तीन नवे फोड दिसले होते. ती हो म्हणाली.

काम फुलसिंग मिस्त्रीला दिलं. कामाआधी अश्वजितने न्हाणीचं माप घेतलं, वामनरावांनी ते तपासलं आणि टब यवतमाळहून मागवला. माप अगदी बरोबर होतं. चूक झाली ती पुढे, आणि ती दीपाच्या काळजीतून झाली. पोरगी घसरून पडू नये म्हणून तिने भिंतीला आणि जमिनीला खास खरखरीत, जाड फरशी निवडली. जाड फरशीखाली फुलसिंगने जाड माल लावला. अशी दोन्ही भिंतींकडून काळजी चढत चढत गेली आणि न्हाणी टबाहून एक बोट लहान झाली.

टब आला तो छोट्या टेम्पोतून, आकाशाकडे पाय करून. गल्ली बाहेर आली. कोणी म्हणालं, कूलरची टाकी आहे. कोणी म्हणालं, एवढा कूलर कोण लावतं, ही म्हशीची गव्हाण असेल. “म्हैस घेतली काय व जयाबाई?” असं समोरच्या ओट्यावरून विचारलं गेलं, तेव्हा जयाबाईंनी पदर सावरून सांगितलं, “नाही व माय. सुनेले बसाले आणलं.” दीपाने हे दाराआडून ऐकलं आणि त्या दिवशी ती बाहेर गेली नाही.

फुलसिंगने टब आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, तिरपा करून पाहिला. मग बिडी पेटवून ओट्यावर बसला.

“वैनी, टब बसते.”

“बसतो ना? बरं झालं.”

“बसते. फक्त भिंत आडवी येऊन राह्यली.”

“म्हणजे?”

“म्हणजे कापाव लागन. टब म्हणा तं टब कापतो, भिंत म्हणा तं भिंत.”

भिंत म्हटलं. फुलसिंगने स्वयंपाकघराकडची भिंत खालून आरपार कापली, पलीकडच्या टोकाला मोरीच्या पाइपसाठी जागा सोडली, आणि टबाचं एक टोक सिलिंडरच्या शेजारी, ओट्याखाली, वीतभर बाहेर आलं. पोळ्या लाटताना दीपाच्या पायाला ते गार गार लागे. जयाबाईंनी त्यावर कांद्याची टोपली ठेवली आणि “एवढा तरी उपयोग झाला” म्हणाल्या. न्हाणीचं दार आत उघडेना, म्हणून ते उलटं करून बाहेर उघडतं केलं. आता न्हाणीतून कोणी निघालं, की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाच्या कोपराला दार लागे. हे माणूस बहुधा दीपाच असे.

तरीही शॉवर सुरू करण्याच्या दिवशी ती आशेवर होती. टबात पिवळं प्लॅस्टिकचं बदक ठेवलं होतं. मित्राला समजावून, कडेवर घेऊन, टबात उभं केलं. अश्वजितने नळ फिरवला.

वरची टाकी गच्चीवर, गच्ची न्हाणीच्या डोक्यावर, म्हणजे पाण्याला पडायला उंची किती, तर अश्वजितच्या हाताएवढी. वामनराव नंतर म्हणाले, की आपल्याला विचारलं असतं तर आपण ‘हेड’, म्हणजे दाबाला लागणारी पाण्याची उंची, काढून दिलं असतं. शॉवर आधी खाकरला. मग घर्रर्र करत त्याने लांब श्वास घेतला. मग फाट् असा आवाज होऊन त्यातून सिमेंटचा एक खडा, थोडा गंज आणि एक म्हातारा कोळी टबात पडला. पाणी आलं ते त्यानंतर, तीन धारांनी, त्यातल्या दोन भिंतीकडे.

मित्रा रडली नाही. रडायला श्वास लागतो. ती टबाची कड ओलांडून, स्वयंपाकघर ओलांडून, तशीच उघडी गल्लीत गेली, आणि समोरच्या ओट्यावर पोचल्यावर मग तिने जे सुरू केलं, त्याला वामनरावांच्या खिडकीचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून पोरगी न्हाणीकडच्या बाजूला फिरकेना. आधी निदान रडून का होईना, अंघोळ होत होती. आता तीही बंद. ती झोपली, की दीपा चोरासारखी जाऊन ओल्या फडक्याने तिची पाठ पुसून घेई. फोडांचे फोटो काढून कालच्या फोटोंशी ताडून बघे. फोड वाढत होते. डॉक्टर म्हणाले, “पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर इंजेक्शनं सुरू करू. अंघोळ घालता ना नीट?” दीपाने मान हलवली. कुठल्या दिशेला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मोठ्यांचेही हाल झाले. टब सगळी न्हाणी खाऊन बसला होता. अश्वजित टबात बादली ठेवून तिच्या शेजारी उकिडवा बसे. जयाबाईंचा गुडघा टबाच्या कडेवरून जाईना, म्हणून त्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ लुगड्याचा आडोसा करून अंघोळ करत आणि “म्हाताऱ्या माणसाले घराबाहेर काढलं” असं आभाळाला सांगत. त्यांचा आवाज वामनरावांकडे जात असे.

मग एक दिवस नळ आला.

दिग्रसला नळ येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो कधी येईल ते ज्याचं त्याने ओळखायचं. आला, की गल्लीतली सगळी कामं जागच्या जागी थांबतात. आणि नळ चालू असताना रिकामं भांडं पाहणं ही गोष्ट तिथल्या बाईच्या जिवाला सोसत नाही. जयाबाईंनी तर मागे एकदा बादल्या, पिंप, पितळी गुंड, कुकर सगळं भरून झालं आणि नळ अजून चालूच होता, म्हणून कपबशाही भरून ठेवल्या होत्या. पाहुण्याला चहा द्यायचा तर आधी पाणी कुठे ओतायचं, हा प्रश्न मग दिवसभर पुरला.

त्या सकाळी दीपा पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती. परत आली तर जयाबाई न्हाणीच्या दारात उभ्या. चेहऱ्यावर तेज.

“पाह्य.”

टब काठोकाठ भरला होता. बदक एका कडेला तोंड करून तरंगत होतं.

“इतले दिवस मी मूर्खासारखी कांदे ठेवून राह्यली होती त्याच्यावर,” जयाबाई म्हणाल्या. “हे तं टाकं हाय व! कितलं मावते!”

“आई, ते अंघोळीसाठी…”

“याच्यात अंघोळ? भरल्या पाण्यात? नळ उद्या नाही आला मंग?” त्यांनी दीपाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिने पिठाच्या डब्यात पाय धुवायला मागितले होते.

उद्या नळ आला नाही. परवाही आला नाही. कुठेतरी पाइपलाइन फुटली, असं वामनराव सांगत आले. जाताना त्यांनी दोन बादल्या मागून नेल्या. टबाची कीर्ती गल्लीभर झाली. समोरच्या ओट्यावरच्या बाया आता “सुनेनं आणलं व, शिकलेली हाय” असं म्हणू लागल्या. दीपाच्या आयुष्यात तिच्या शिक्षणाचं कौतुक प्रथमच होत होतं, आणि ते अशा कारणासाठी. तिने टबावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला. जयाबाई येता-जाता त्याची कड उचलून मग बुडवत आणि कड तशीच ठेवत. दीपा कड नीट करी. जयाबाई उचलत. हा खेळ आठवडाभर चालला, आणि एका सकाळी दारात राखी उभी राहिली.

राखी आरोग्य खात्याकडून हिवताप-डेंगीच्या सर्व्हेला आली होती. गळ्यात ओळखपत्र, एका हातात बॅटरी, एका हातात मोबाइल. “ताई, पाणी भरलेले भांडे दाखवा.”

दीपाने आत्मविश्वासाने दाखवले. पिंपाला फडकं बांधलेलं, माठ झाकलेला, कूलर कोरडा. ती प्राणिशास्त्राची एम.एस्सी. होती. मित्रा होईपर्यंत कॉलेजात तासांवर शिकवत असे, आणि डासाचं जीवनचक्र हा तिचा हातखंडा पाठ होता. राखीला ती हे सांगणारच होती, तेवढ्यात जयाबाई अभिमानाने म्हणाल्या, “अन् टाकं नाही दाखवलं काय?”

राखीने कागद बाजूला केला. बॅटरी मारली.

“बाई गं,” राखी म्हणाली. “ताई, याच्यात तं यात्रा भरली हाय.”

दीपा वाकली. पाण्याच्या पृष्ठभागाखाली, डोकी खाली आणि शेपट्या वर करून, अळ्या तिरप्या लटकल्या होत्या. उजेड पडताच त्या सगळ्या वळवळत बुडाकडे पळाल्या. दीपाला त्यांचा वंश, कुळ, जाती सगळं न अडखळता आठवलं. परीक्षेत आठवलं नव्हतं तेव्हा तिला जी लाज वाटली होती, ती या लाजेपुढे काहीच नव्हती. दारात एव्हाना समोरच्या ओट्यावरच्या बाया जमल्या होत्या. त्यांच्या मागून वामनरावांचं डोकं दिसत होतं, आणि ते डोकं ‘मी म्हटलं नव्हतं का’ अशा लयीत हलत होतं.

“रिकामं करा लागन, ताई. मोबाइलमधी भरलेल्याचा फोटो टाकला मी. आता रिकाम्याचा टाकल्याशिवाय पुढचं घरच उघडत नाही त्याच्यात.”

“पुढचं घर माह्यंच हाय,” वामनराव मागून म्हणाले. “मी थांबतो. काही घाई नाही.”

“रिकामं?” जयाबाई राखीच्या आडव्या आल्या. “नळाचा पत्ता नाही, अन् इतलं पाणी मोरीत? तुमचा साहेब आणून देईन काय टँकर? घ्या ना फोटो. झाकून घ्या, अन् लिवा, रिकामं हाय म्हणून.”

“असं कसं लिवू, आजी?”

“हातानं लिवा.”

बाया दोन्ही बाजूंनी बोलू लागल्या. न्हाणीतून बैठकीत, बैठकीतून ओट्यावर, अशी ती सभा सरकत गेली. दीपा एकटीच आत उरली. तिने दार नुसतं ओढून घेतलं, बाही वर केली आणि टबाच्या बुडाशी असलेलं बूच ओढलं. भक्क आवाज झाला आणि पाणी उतरू लागलं. तिला रडायचं होतं. पण घरात रडण्याचा मान मित्राचा होता, आणि आज ती सभेत रमली असावी.

ती नव्हती. दार किलकिलं झालं आणि फटीतून मित्राचं डोकं आत आलं. राखीची बॅटरी टबाच्या काठावरच राहिली होती आणि तिचा उजेड पाण्यात पडला होता. उजेडात अळ्या नाचत होत्या. मित्राने टबाच्या कडेला हनुवटी टेकली.

“मम्मी,” ती कुजबुजली, “माशे!”

मित्राने एक पाय कडेवर टाकला. दुसरा टाकायला जमेना, तसं तिने आईकडे पाहिलं. “उतल मला. माश्यांकडे.”

झरोक्यातून आवाज येत होते. “हातानं लिवा म्हणते तं…” “आजी, साहेब पाहते त्याच्यात…”

अळी चावत नाही. अळी रक्त पीत नाही. अळी पाण्यातल्या शेवाळावर जगते. हे सगळं दीपाने साठ-साठ पोरांपुढे खडूने लिहिलं होतं. आणि आजपर्यंत मित्राचं पाणी तिने उकळलं होतं, गाळलं होतं, मग उजेडात धरून पुन्हा पाहिलं होतं. पाणी भराभर उतरत होतं. अजून थोडा वेळ गेला असता, तर मासेही गेले असते आणि पोरगीही.

दीपाने बूच परत बसवलं. मित्राचा फ्रॉक काढला आणि तिला पाण्यात ठेवलं.

मित्रा बसली. पोटापर्यंत पाण्यात बसली. मुठी उघडून मिटून मासे धरू लागली. दीपाने हात लांब करून स्वयंपाकघरातून कडुनिंबाचा पाला घालून उकळून निवालेल्या पाण्याचं पातेलं ओढलं, साबण घेतला, पाठ चोळली, आणि डोळे मिटून पोरीच्या डोक्यावर निंबाच्या पाण्याचा पहिला मग ओतला.

काही झालं नाही.

“माश्यांवल पाऊश,” मित्रा म्हणाली आणि खुदकन हसली. “अजून.”

दुसरा मग. तिसरा. दीपा हळूहळू, घाई न करता, महिनाभराची राहिलेली सगळी अंघोळ घालत होती. कानामागे. बगलेत. पाठीवरच्या प्रत्येक फोडावरून, बोटाच्या टोकाने.

दारावर टकटक झाली. “ताई, झालं का रिकामं? फोटो काढाचा हाय.”

“होतंय. मोरी तुंबली होती.”

“काही मदत करू?”

“नको, नको! झालंच.”

मित्राला टॉवेलमध्ये गुंडाळून तिने बुचाकडे हात नेला आणि थांबली. उद्या पुन्हा सकाळ होणार होती. संध्याकाळही. हा टब उद्या घासून-पुसून लख्ख असेल, आणि लख्ख पाण्यात मासे नसतील. तिने मनाशी हिशोब मांडला. अळीचा कोष व्हायला अवकाश आहे, कोषातून डास निघायला त्याहून थोडा. आज सोमवार; झाकून ठेवले तर शुक्रवारपर्यंत हेच मासे पुरवता येतील. तोवर फोड तरी बसतील.

तिने तांब्या बुडवून माशांसकट काठोकाठ भरला, त्यावर वाटी पालथी घातली आणि बूच ओढलं.

राखी आत आली. रिकाम्या टबाचे तीन बाजूंनी फोटो काढले. मोबाइलने टिंग केलं. वामनरावांचं घर उघडलं असावं.

“छान झालं, ताई. अन् घरात आणखी कुठी पाणी साठवलेलं नाही ना?”

“नाही,” दीपा म्हणाली, आणि पदराखालच्या तांब्यावरची वाटी तिने घट्ट दाबून धरली.